सोबतीचा हुकूमनामा

नवरा-बायकोनं एकमेकांचे मित्र असावं, ही कल्पना मराठी घरांत आली ती मुख्यतः वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या वाटेनं. सहधर्मचारिणी पुराणांत होतीच, ओव्यांत कंथ होता, लावणीत सखा होता. पण कचेरीतून आलेला नवरा संध्याकाळी बायकोपाशी बसतो, तिला काहीतरी वाचून दाखवतो, एखाद्या गोष्टीत तिचं मत विचारतो, हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापून यायला लागलं. आणि छापून आलं म्हणूनच त्यावर कडाक्याची भांडणं झाली. त्या भांडणांच्या फायली आज ग्रंथालयांतून पिवळ्या पडून तुटताहेत. त्यांतला एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. सोबत ही दुसऱ्याकडून हक्कानं वसूल करायची गोष्ट आहे की दुसऱ्यानं आपणहून द्यायची, असा तो वाद आहे.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ सांगतं की ती वसूल करता येते. नवरा किंवा बायको वाजवी सबबीवाचून दुसऱ्याच्या सहवासातून निघून गेली, तर दुसऱ्यानं कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टानं परत नांदायला जाण्याचा हुकूम द्यायचा. विशेष विवाह कायद्यात हेच काम कलम २२ करतं. ही दोन्ही कलमं काढून टाकली पाहिजेत, असं माझं मत आहे. त्या मतापर्यंत मी आलो तो कायद्याच्या पुस्तकांतून नव्हे, जुनी पत्रं वाचता वाचता.

२६ जून १८८५ रोजी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एका 'हिंदू स्त्री'चं पत्र आलं. विषय बालविवाहाचा. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी आदल्या वर्षी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली होती आणि मुंबई-पुण्यातल्या सगळ्या पत्रांतून त्यावर चर्चा चालू होती. त्या चर्चेत बोलणारे जवळजवळ सारे पुरुष. या पत्रातली बाई स्वतःबद्दल लिहीत होती. लहानपणी लग्न लावण्याच्या दुष्ट चालीनं आपल्या आयुष्याचं सुख नासवलं, आणि आपल्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट म्हणजे अभ्यास आणि मनाची मशागत, तिच्याच आड ही चाल आली, असं तिनं लिहिलं होतं. सप्टेंबरात तिचं दुसरं पत्र आलं, विधवांविषयी. ही बाई म्हणजे रखमाबाई.

तिची हकिगत बहुतेकांना वरवर ठाऊक असते. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, तेव्हा तो एकोणिसेक वर्षांचा होता. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र दोन्हींत नाव कमावलेले गृहस्थ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे थोडे हिंदी लोक होते त्यांतले ते एक. ते सुधारक मताचे, आणि इतक्या कोवळ्या वयात मुलगी नवऱ्याकडे पाठवायला त्यांचा विरोध होता. जावयानं शिकून शहाणं व्हावं यासाठी त्यांनी बरीच खटपट केली, ती काही फळली नाही. इकडे रखमाबाई घरात बसून मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून वाचत होती. पुढे दादाजी आजारी, उद्योगधंदा नाही, मामाच्या आश्रयाला. १८८४ साली त्यानं वकिलामार्फत बायकोला नांदायला बोलावलं. ती गेली नाही, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

इथे जरा थांबायला हवं. त्या काळच्या सुधारकांनी बायकांना शिकवा म्हणून जो धोशा लावला होता, त्यामागचं त्यांचं आवडतं कारण काय होतं? नवरा इंग्रजी शिकला, मिल आणि स्पेन्सर वाचायला लागला, आणि घरी येऊन बघतो तर बायकोला चूल आणि वाती यांपलीकडे बोलायला विषय नाही. त्याचा कोंडमारा होतो. म्हणून बायकोला शिकवावं, म्हणजे ती त्याला साजेशी सोबतीण होईल. हेतू चांगलाच होता. त्यापायी सासूसासऱ्यांशी वैर पत्करणारी, रात्री दाराला कडी लावून बायकोला अक्षरं गिरवायला लावणारी तरुण माणसं खरीच होती आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या सगळ्या मांडणीत शिकलेला तो आणि शिकायची ती, हे धरूनच चाललेलं आहे. सोबतीची गरज त्याला, आणि तिनं त्या गरजेच्या मापाचं व्हायचं.

रखमाबाईच्या खटल्यानं ही जोडी उलटी करून टाकली. इथे वाचणारी ती होती. मनाची भूक तिला होती, आणि तिच्या मापाचा नवरा नव्हता. शिकलेल्या नवऱ्याला अडाणी बायको ओझं वाटते, हे ज्यांना सहज पटत होतं, त्यांतल्या कित्येकांना शिकलेल्या बायकोला अडाणी नवरा ओझं वाटू शकतो हे ऐकवेना. शिकली म्हणून शेफारली, इंग्रजी पुस्तकांनी डोकं फिरलं, नवरा गरीब म्हणून नको झाला, ही सगळी बोलणी तेव्हाच छापून झाली आहेत. आजच्या मालिकांनी आणि नात्यागोत्यातल्या बैठकांनी त्यांत नवीन काही घातलेलं नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा एक मुद्दा मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात असा उपाय नाही; आणि जी दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत, त्यांच्या बाबतीत तर हा इंग्रजी उपायसुद्धा लागू पडत नाही, असं ते म्हणाले. तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं क्रूरपणाचं होईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. निकालावर पुण्या-मुंबईत गदारोळ झाला. परकीय न्यायाधीशानं आमच्या धर्मात ढवळाढवळ केली, अशी ओरड झाली. वास्तविक न्यायाधीश सांगत होता की ही चाल तुमची नव्हे, आमची आहे, आणि आमच्याकडेही ती मोडकळीला आली आहे. इंग्लंडनं असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद नेमकी १८८४ साली रद्द केली होती. म्हणजे ज्या वर्षी दादाजीनं दावा लावला, त्याच वर्षी. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे त्या दिवशी ज्या गोष्टीच्या रक्षणाला उभे राहिले, ती विलायतेतून आली होती आणि विलायतच ती टाकायच्या मार्गाला लागली होती.

१८८६ साली अपिलात पिन्हेंचा निकाल फिरला. फेरसुनावणीत मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. मी तुरुंगात जाईन, असं रखमाबाईचं उत्तर होतं.

त्या वेळी केसरीचे संपादक आगरकर होते. त्यांची सहानुभूती रखमाबाईकडे, तर टिळकांची भूमिका उलट. दोन जिवलग मित्र, एकच पत्र, एकच कचेरी आणि एका बाईनं नांदायला जावं की नाही यावर दोन टोकांची मतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आगरकरांनी केसरी सोडला आणि पुढच्या ऑक्टोबरात सुधारक काढला. मतभेदांची कारणं अनेक होती. सामाजिक सुधारणेचा प्रश्न त्यांत वरच्या क्रमांकाचा होता. मला या दोघांच्या नात्याकडे बघून नेहमी वाटतं की सोबत म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून चांगलं ठाऊक असलं पाहिजे. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेली ही माणसं. पटेना तेव्हा आगरकर बाजूला झाले आणि त्यांना परत आणायला कुणी कोर्टात गेलं नाही. मित्राला जे सहज मिळालं, त्यासाठी बायकोला तुरुंगाची तयारी ठेवावी लागत होती.

राणी व्हिक्टोरियानं मधे पडून रखमाबाईचं लग्न मोडलं, अशी एक आवडती कथा अजून फिरते. तसं काही घडलं नाही. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीला २,००० रुपये देण्यात आले आणि त्यानं हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. इतक्या गाजलेल्या, समाजाच्या नाकाचा प्रश्न झालेल्या हक्काची किंमत अखेर दोन हजारांवर ठरली. रखमाबाई इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत-राजकोटला तिनं आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

१८८७ हे साल माझ्या डोक्यात आणखी एका कारणानं आहे. त्याच साली जोतीरावांची सत्यशोधक पूजाविधीची पुस्तिका निघाली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू वराला भर मांडवात सांगते की आम्हा बायकांना स्वातंत्र्य म्हणजे काय ते माहीत नाही, तेव्हा स्त्रीला तिचा हक्क देईन अशी शपथ आत्ता घे. एकीकडे कोर्ट बाईला म्हणतं, जा. दुसरीकडे बाई पुरुषाला म्हणते, आधी शपथ घे. ज्यांना आपल्या परंपरेतून आधार हवा असतो त्यांच्यासाठी हा घरचा आधार तेव्हाच छापून तयार होता. आणि ताराबाई शिंदे यांनी तर त्याच्याही पाच वर्षं आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याहून सगळ्या पुरुषजातीला जाब विचारला होता. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर पुणेवैभवासारख्या पत्रांनी बायकांच्या अनीतीवर तोंडसुख घेतलं, आणि त्या लिखाणानं ताराबाईंची लेखणी पेटली. तुम्हाला बायको नावडती होते, मग तिला नवरा नावडता होत नसेल का, असा त्यांचा साधा सवाल आहे. या सवालाशिवाय सोबतीची कुठलीच चर्चा पुरी होत नाही, कारण नावडण्याची मुभा जिला नाही तिच्या आवडीला तरी काय अर्थ उरतो?

ही मुभा जुन्या नियतकालिकांनी बायकांना फार हळूहळू दिली. १८९० साली ह. ना. आपट्यांनी करमणूक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. यमूची आत्मकथा. तिचा रघुनाथराव हा मराठी वाचकांना भेटलेला पहिला खराखुरा सोबती नवरा असेल. तो तिला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड करतो, तिथे दोघं माणसांसारखी राहतात, बोलतात, हसतात. ते मुंबईतले दिवस वाचताना आजही बरं वाटतं. मग तो मरतो, आणि यमूचं केशवपन होतं. हरिभाऊंनी विधवांचं दुःख दाखवायला हे लिहिलं, ते त्यांनी दाखवलंच. पण आज वाचताना त्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडते. यमूचं माणूसपण रघुनाथरावाच्या चांगुलपणावर उभं होतं. तो होता तोवर होतं. नवऱ्याच्या मर्जीनं मिळालेली सोबत त्याच्या मरणानं संपते, त्याची मर्जी फिरली तरी संपते, आणि बायकोच्या हाती काही उरत नाही. करमणूकच्या वाचकांनी यमूसाठी अश्रू ढाळले असणार. तिच्या हाती स्वतःचं असं काय असायला हवं होतं, हा पुढचा प्रश्न मात्र बराच काळ पडूनच राहिला.

आगरकर त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोचले होते. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, हे सुधारकातून सांगताना त्यांनी बायकोला नवऱ्याच्या मापाची करण्याची भाषा सोडली. दोघं आधी एकमेकांना ओळखू देत, बरोबर वाढू देत, मग निवडू देत. १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. ते आणखी वीस वर्षं जगते तर मराठी पत्रांमधल्या या चर्चेचा सूर काय झाला असता, असं मनात येऊन हळहळ वाटते.

त्यानंतरची कित्येक दशकं मी इथे भराभर ओलांडतो. मनोरंजन आलं, त्याच्यासारखी कौटुंबिक मासिकं आली, आणि सुशिक्षित पत्नीनं पतीचा शीण कसा घालवावा याच्या उपदेशाला ऊत आला. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी समाजस्वास्थ्य काढलं, आणि शरीराच्या सोबतीतही बायकोची इच्छा असते आणि तिची नाही म्हणण्याची सत्ता असते हे त्यांनी लाजलज्जा न बाळगता लिहिलं. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. कर्व्यांनी मासिक तरीही १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. १९३० साली किर्लोस्करांचं स्त्री मासिक निघालं आणि त्यानं मध्यमवर्गीय बायकांना लिहितं केलं. बायका स्वतः लिहायला लागल्यावर चित्र पालटलं. सोबत म्हणजे पतीच्या शिणावरचा उतारा, ही समजूत पुरुषांच्या लेखांतून जितकी दिसते तितकी बायकांच्या लिहिण्यातून दिसत नाही. तिथे नवरा ऐकतो का, विचारतो का, घरात आपल्या शब्दाला वजन आहे का, असे प्रश्न येतात. विद्या बाळांच्या हाती हे मासिक आल्यावर तर ते प्रश्न रोखठोक झाले. हा सगळा प्रवास एका दिशेनं झालेला आहे. सोबत ही दोघांच्या राजीखुशीची गोष्ट आहे, इथवर मराठी नियतकालिकं ठेचकाळत का होईना पोचली.

कायदा पोचला नाही. १९२३ साली हुकूम न पाळल्याबद्दलचा तुरुंग गेला, मालमत्तेवरची जप्ती राहिली. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला तेव्हा नांदायला लावण्याचा तो जुना इंग्रजी उपाय कलम ९ म्हणून नव्या कायद्यात सन्मानानं येऊन बसला. रखमाबाई तेव्हा हयात होती, नव्वदी ओलांडलेली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी ती वारली. इंग्लंडनं हा दावा १९७० साली मुळासकट काढून टाकला. तिथल्या चर्चनं जन्माला घातलेली, तिथल्या संसदेनं पुरलेली ही गोष्ट आपण भारतीय विवाहसंस्थेचा कणा म्हणून अजून जपतो आहोत.

प्रत्यक्षात हे कलम कसं चालतं ते सांगतो. ओळखीतली एक मुलगी मारहाणीला कंटाळून लहान मुलाला घेऊन माहेरी आली. दोन-तीन महिने कुणी फिरकलं नाही. मग तिनं पोटगीचा अर्ज केला, आणि पंधरवड्यात रजिस्टर एडीनं नोटीस आली. मी ती वाचली आहे. आपण कोणतंही सबळ कारण नसताना माहेरी निघून गेला आहात, माझे अशील आपणास आणण्यास वेळोवेळी आले असता आपण आला नाहीत, माझे अशील आपणास आजही नांदवण्यास तयार आहेत, तरी नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत नांदावयास यावे. न आणायला आलेला माणूस कागदावर वेळोवेळी येऊन गेला होता. त्या नोटिशीचा मतलब सोबतीशी नव्हता. मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही, असं दाखवून पोटगी टाळायची, हा तिचा मतलब होता. कुटुंब न्यायालयात वावरणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, तो हेच सांगेल : बायकोचा पोटगीचा अर्ज पडला की नवऱ्याचा कलम ९ चा अर्ज मागोमाग येतो. हा डाव इतका रुळला की सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं, नांदायला जाण्याचा हुकूम असून बायको गेली नाही एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. ज्या प्रकरणात हे सांगितलं गेलं, त्यातली बाई बरीच वर्षं या दोन कागदांच्या मधे लटकत होती.

कलमाच्या बाजूनं बोलणारे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल नेहमी पुढे करतात. त्याची पार्श्वभूमी अशी. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी टी. सरिता यांच्या प्रकरणात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. स्त्रीच्या देहावर आणि मनावर राज्यानं अशी सत्ता चालवणं तिच्या खाजगी आयुष्याचा आणि समतेच्या हक्काचा भंग आहे, असं त्यांनी म्हटलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी प्रकरणात हे मत खोडून काढलं. विवाह टिकवण्यासाठी ही तरतूद आहे, सक्ती केवळ मालमत्तेच्या जप्तीची आहे, आणि सहवास म्हणजे काही निव्वळ शरीरसंबंध नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं.

पण त्या सरोज राणी प्रकरणाची हकिगत मुळातून वाचावी. अर्ज बायकोनं केला होता. नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं, मला परत नांदायचंय, असं तिचं म्हणणं. नवऱ्यानं कोर्टात मान्य केलं, १९७८ साली संमतीनं हुकूमनामा झाला. नवरा आपल्याला घरी घेऊन गेला आणि दोन दिवसांत पुन्हा बाहेर काढलं, असं बायको पुढे सांगत राहिली. आणि वर्ष उलटताच नवऱ्यानं घटस्फोटाचा अर्ज लावला; कारण काय, तर नांदण्याचा हुकूम होऊन वर्षभर सहवास सुरू झालेला नाही. कायद्यात तशी तरतूदच आहे. घटस्फोट मंजूर झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. नांदायला मिळावं म्हणून बाई कोर्टात गेली आणि तिच्याच हुकूमनाम्याच्या आधारानं तिला घटस्फोट मिळाला. विवाह टिकवणारं कलम म्हणून ज्या निकालाचा दाखला देतात, त्या निकालातलाच विवाह या कलमानं मोडला.

म्हणून 'बायकांनाही याचा उपयोग होतो' हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. टाकून दिलेल्या बाईला छप्पर हवं असतं, पोटगी हवी असते, मुलांचा खर्च हवा असतो, चारचौघांत मान हवा असतो. यांतलं पहिलं तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराच्या हक्कानं मागता येतं, पैसा पोटगीच्या तरतुदींखाली मागता येतो. तिथली अंमलबजावणी रखडते, ती सुधारावी. जो माणूस तिला दाराबाहेर काढतो त्याच्या सहवासाचा हुकूम देऊन कोर्ट तिला नेमकं काय देतं? माझ्या माहितीतल्या ज्या बायकांनी स्वतःहून हा अर्ज केला, त्यांनी तो 'मी घर मोडलं नाही' हे जगाला कागदावर दाखवण्यासाठी केला. तेवढ्यासाठी एक सक्तीचं कलम ठेवायचं, हे मला पटत नाही.

सक्ती केवळ मालमत्तेवर आहे, शरीरावर नाही, हे म्हणणंही तपासायला हवं. मालमत्ता कुणाच्या नावावर असते? ज्या बाईकडे माहेरून आलेलं चार तोळे सोनं आणि एक बँकखातं आहे, तिला जप्तीची नोटीस आणि तुरुंगाची धमकी यांत फार फरक जाणवत नाही. शिवाय हुकूम मानून ती परत गेली तर बंद दाराआड काय घडतं, ते विचारायला कायदा जात नाही, कारण नवऱ्यानं बायकोवर केलेला बलात्कार हा आपल्याकडे अजून बलात्कार धरला जात नाही. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे फॅरन साहेबांच्या हुकुमापासून आपण किती कमी अंतर चाललो आहोत ते समजतं.

एक भीती मात्र मी हलकी मानत नाही. हे कलम गेलं तर लग्नातली बांधिलकीच जाईल, जो तो उठून निघून जाईल, असं कळकळीनं म्हणणारी वडीलधारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचे स्वतःचे संसार चाळीस-पन्नास वर्षांचे आहेत. मी त्यांना विचारतो, तुमच्यातलं कोण या कलमाच्या धाकानं राहिलं? आजारपणात रात्र रात्र जागून काढली, धंदा बुडाला तेव्हा दागिने काढून दिले, मुलांच्या वेळी, आईवडिलांच्या शेवटी एकमेकांना धरून राहिलात, यातलं एक तरी काम हुकूमनाम्यानं झालं असतं का? तुमचे संसार टिकले ते तुम्ही टिकवले म्हणून. ज्यांना टिकवायचे नाहीत किंवा टिकवणं अशक्य झालं आहे, त्यांना कोर्टाच्या शिक्क्यानं एका छपराखाली आणून मिळतं ते फक्त छप्पर.

सरकारी पातळीवर हे कुणाला उमजलं नाही असंही नाही. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या केंद्राच्या उच्चस्तरीय समितीनं २०१५ साली हे कलम काढण्याची शिफारस केली. विधी आयोगानं २०१८ च्या कौटुंबिक कायद्यांवरील मसलतपत्रात तिला दुजोरा दिला. २०१९ साली गुजरातेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून कलम ९, कलम २२ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतली जप्तीची तरतूद या तिन्हींना आव्हान दिलं. त्याआधी २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखानं सांगितलेलं आहे, आणि २०१८ मध्ये व्यभिचाराचं जुनं कलम रद्द करताना बायको ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे हेही सांगितलेलं आहे. त्यानंतर नांदायला लावण्याच्या कलमाला उभं राहायला जागा उरत नाही. संसदेनं न्यायालयाची वाट बघत बसण्याचंही कारण नाही. दोन कलमं वगळणारी छोटी दुरुस्ती पुरे आहे.

तिच्याबरोबर दोन गोष्टी कराव्या लागतील. नांदण्याचा हुकूम होऊन वर्ष उलटलं की घटस्फोट, ही आजची आडवाट बंद होईल, तेव्हा दीर्घकाळ वेगळं राहणाऱ्यांना सरळ वाटेनं विभक्त होता यावं यासाठी कायद्यात वेगळी तरतूद हवी, आणि तिच्यात बायकोच्या आणि मुलांच्या पैशाची व्यवस्था आधी पक्की व्हायला हवी. दुसरं, ज्यांना खरोखर परत एकत्र यायचं आहे अशीही जोडपी असतात. त्यांना कोर्टात एकमेकांवर नोटिसा न काढता बसून बोलता आलं पाहिजे. कुटुंब न्यायालयांत त्यासाठी समुपदेशक नेमलेले असतात. पण एकेकाकडे इतकी प्रकरणं असतात की जोडप्याच्या वाट्याला एका तारखेला जेमतेम वीस मिनिटं येतात, तीही बाहेर दोन्हीकडचे नातेवाईक दाराशी ताटकळत उभे असताना. तालुक्याच्या ठिकाणी जिथे कुटुंब न्यायालयच नाही तिथे तेवढंही नाही. समुपदेशकांची संख्या वाढवणं, त्यांना बसायला धड खोली देणं, आणि ही सोय दावा लावायच्या आधी मिळेल अशी करणं, याला कायदा बदलावा लागत नाही. राज्य सरकारनं आणि उच्च न्यायालयानं मनावर घेतलं तर ते याच वर्षी सुरू होऊ शकतं.